ठोकळ्यांचा माड, दादांची वाडी

झाड काढायला सांगितले की बहुतेक मुले एकच चित्र काढतात. खाली तपकिरी दांडा, वर हिरवा ढग. ठोकळ्यांचे झाड करायला सांगितले तरी तेच होते. आमच्या थोरल्यानेही गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तेच केले. तपकिरी गोल ठोकळे एकावर एक रचले, वर हिरव्या पट्ट्या ठेवल्या आणि "माड झाला!" असे जाहीर केले. असरची नमाज आटोपून गॅलरीत बसलेल्या दादांनी तो माड हातात घेतला, चहूबाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, "हा माड नव्हे रे. ही पोफळ. तीही आजारी."

आम्ही दोघे स्वयंपाकघरात होतो. हे वाक्य ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिले. दादांच्या तोंडून 'पोफळ' हा शब्द आम्ही कित्येक महिन्यांनी ऐकत होतो.

दादा म्हणजे आमच्या मुलांचे आजोबा. श्रीवर्धन तालुक्यात त्यांची माड-पोफळीची छोटीशी वाडी होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांतल्या हजारो कुटुंबांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, त्यात आमचीही गेली. ज्या झाडांना दादांच्या वडिलांनी पाणी घातले होते, ती मुळासकट उपटून एकमेकांवर पडली होती. त्यानंतर गुडघ्यांनीही साथ सोडली आणि दादा आमच्याकडे मुंब्र्याला राहायला आले. नमाज, तिलावत, औषधे, गॅलरीतली खुर्ची, असा त्यांचा दिवस जाई. वाडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही आणि आम्हीही तो टाळत आलो.

मुलांच्या ठोकळ्यांनी तो विषय काढला. म्हणून हा लेख. यात ठोकळ्यांनी झाडे कशी करावीत, हे आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते सांगितले आहे. सुट्टीत घरी मुले असतील आणि मोबाइलवरून त्यांची नजर हटत नसेल, तर वाचकांना याचा उपयोग होईल, इन्शाअल्लाह.

आधी ठोकळ्याची ओळख

ज्याला आपण सरसकट 'लेगो' म्हणतो ते डेन्मार्कमधल्या बिलुंड गावातल्या कंपनीचे नाव. ओले किर्क क्रिस्टियनसेन या सुताराने १९३२ साली आपल्या कारखान्यात लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून हे नाव बनले. वर बटणे आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. त्या काळातला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजूनही बसतो. बटण नळीच्या आणि भिंतीच्या मध्ये घट्ट अडकते, ही त्यातली सगळी करामत.

झाडे करायची तर तीन मापे लक्षात ठेवायला हवीत. एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर. उभ्या ठोकळ्याची उंची, वरचे बटण सोडून, ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टीची उंची ३.२ मिलिमीटर. म्हणजे तीन पट्ट्या मिळून एक ठोकळा. आणखी एक गंमत अशी, की पाच पट्ट्यांची उंची १६ मिलिमीटर होते आणि दोन बटणांची रुंदीही १६ मिलिमीटरच. त्यामुळे एखादा भाग आडवा करून बसवला तरी तो बरोबर जुळतो. झाडात हे फार कामाला येते, कारण खरे झाड काही फक्त वरच वाढत नाही.

सुरुवातीच्या काळात या कंपनीची झाडे एकसंध येत, तयार झाड उचलून ठेवायचे. पुढे पानांचे वेगळे तुकडे आले, फांद्या आल्या, फुले आली. २०१८ पासून पाने आणि झुडपांचे काही मऊ भाग उसापासून मिळणाऱ्या इथेनॉलच्या प्लास्टिकने बनू लागले. बिलुंडमध्ये २०१७ साली उघडलेल्या 'लेगो हाउस'च्या मधोमध तर १५ मीटरहून उंच झाड उभे आहे, ६३ लाखांहून अधिक ठोकळ्यांचे. आपल्याला तेवढे नको. एका डब्यातल्या ठोकळ्यांत मावेल एवढे झाड पुरे.

पोफळ : सरळ खोडाचा धडा

"पोफळच आहे तर पोफळच नीट कर," दादा म्हणाले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली.

पोफळीचे खोड बारीक आणि ओळंब्यात सरळ. त्यावर ठरावीक अंतराने गोल वळी असतात. गळून गेलेल्या झावळ्यांच्या त्या खुणा. शेंड्याशी मात्र खोड एकदम गुळगुळीत हिरवे दिसते, कारण तिथे झावळ्यांचे देठ एकमेकांना लपेटून बसलेले असतात. सुपारीचे घोस लागतात ते या हिरव्या भागाच्या खाली. थोरल्याच्या झाडाला वरपर्यंत सगळे तपकिरी होते आणि फळे पानांतून लोंबत होती. म्हणून ती 'आजारी'.

सरळ खोडासाठी सगळ्यात सोपी रीत अशी. दोन बाय दोन बटणांच्या गोल ठोकळ्याच्या मधोमध अधिक चिन्हाच्या आकाराचे भोक असते. त्यातून अ‍ॅक्सल, म्हणजे चाके जोडायची दांडी, आरपार घालायची. १२ बटणे लांबीची दांडी ९६ मिलिमीटरची असते आणि १० गोल ठोकळ्यांची उंचीही बरोबर ९६ मिलिमीटर. थोरल्याला हा हिशेब कळला तेव्हा त्याने तो तीनदा करून पाहिला. गणिताच्या वहीत दशांश अपूर्णांकांपुढे तोंड वाकडे करणारा मुलगा ९.६ गुणिले १० स्वतःहून करत होता.

दांडी घातली की खोड मधून मोडत नाही. खालचे आठ ठोकळे करडे किंवा तपकिरी घ्यायचे, वरचे दोन हिरवे. दर दोन ठोकळ्यांनंतर वेगळ्या छटेचा एक ठोकळा घातला तर खोडावरच्या वळ्या दिसतात. हिरव्या भागाच्या अगदी खाली नारिंगी किंवा पिवळ्या बारीक गोल टिकल्यांचे दोन घोस. वर सहा-सात आखूड झावळ्या. झाली पोफळ. दादांनी ती पाहिली आणि एवढेच म्हणाले, "आता बरी आहे."

माड : वळणाचा धडा

माडाची गोष्ट निराळी. "माड असा खांबासारखा कधी उभा असतो का?" दादांनी विचारले. "तो बुडाशी जाड असतो. उजेडाकडे, समुद्राकडे झुकतो. मग वर जाऊन पुन्हा सरळ होतो."

आता दांडी चालेना, कारण दांडी वाकत नाही. दोन दिवस मुलांनी खटपट केली. ठोकळे तिरके दाबून बसवले की ते निसटत आणि जोर लावला की बटणांना पांढऱ्या चिरा पडत. ठोकळ्याला जे जमत नाही ते त्याच्याकडून जबरदस्तीने करून घ्यायचे नाही, हा नियम आम्ही इथे शिकलो.

उत्तर एका साध्या तुकड्यात सापडले. दोन बटणे लांबीची एक पातळ पट्टी येते, तिच्यावर दोन बटणांऐवजी मधोमध एकच बटण असते. अशा दोन पट्ट्या शेजारी शेजारी गोल ठोकळ्यावर बसवायच्या. मग त्यांच्यावर बसणारा पुढचा ठोकळा अर्ध्या बटणाने, म्हणजे ४ मिलिमीटरने, एका बाजूला सरकतो. एवढ्याशा सरकण्याने खोड झुकू लागते.

आमचे माप असे आहे. बुडाशी चार बाय चार बटणांचे जाड गोल ठोकळे दोन थर. त्यावर गोल ठोकळ्यांचे पाच गट, प्रत्येक गटात तीन. दोन गटांच्या मध्ये ही सरकवणारी जोडी. चार ठिकाणी सरकून खोड एकूण १६ मिलिमीटर, म्हणजे दोन बटणे, झुकते. उंची साडेसतरा सेंटीमीटरच्या आसपास भरते. पट्टीचे कोपरे गोल खोडाबाहेर किंचित डोकावतात. ते लपवायची गरज नाही, माडाच्या खोडावर तशा खुणा असतातच.

दोन गोष्टी सांभाळायच्या. सरकवलेला प्रत्येक सांधा फक्त दोन बटणांवर धरलेला असतो, म्हणून पाचापेक्षा जास्त गट करू नयेत. आणि खालची पाटी झुकणाऱ्या बाजूला जास्त लांब ठेवावी. आमचा पहिला माड शेंडा बसवताच पालथा झाला, कारण त्याची पाटी दुसऱ्याच बाजूला लांब होती. धाकटी रडू लागली. दादांनी तिला जवळ घेतले. "माड पडतो तेव्हा त्याचे काहीतरी कारण असते," ते म्हणाले. "त्याचे मूळ बघ आधी."

त्या रात्री जेवताना दादांनी पहिल्यांदा त्या दिवसाविषयी सांगितले. दुपारी वारा कुठल्या बाजूने आला, कौले कशी उडाली, पहिला माड पडला तेव्हा केवढा आवाज झाला आणि पुढे आवाज मोजायचे त्यांनी कसे सोडून दिले. मुले घास हातात धरून ऐकत होती. आम्हीही.

झावळ्या आणि कडी

माडाच्या डोक्याला एक खास तुकडा लागतो. कडेने आठकोनी दांडी असलेली गोल पट्टी. या दांडीला चिमट्यासारखी कडी असलेल्या पट्ट्या अडकवता येतात आणि कडी दांडीवर वरखाली फिरते. प्रत्येक कडीच्या पट्टीला पुढे दोन-तीन अरुंद हिरव्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या खाली उतरत जोडल्या की झावळी तयार होते.

इथेही दादांनी आम्हाला अडवले. आम्ही सगळ्या झावळ्या छत्रीसारख्या एकाच उतारावर लावल्या होत्या. खऱ्या माडात तसे नसते. मधली कोवळी झावळी भाल्यासारखी उभी, तिच्या भोवतीच्या आडव्या, खालच्या कललेल्या आणि अगदी खालची एखादी सुकून तपकिरी झालेली, खोडाला चिकटून लोंबणारी. नारळ लागतात ते झावळ्यांच्या बेचक्यांत, पोफळीसारखे खाली नव्हे. मुलांनी एक झावळी तपकिरी केली. ती झावळी लावल्याबरोबर ते झाड एकदम खरे दिसू लागले, हे आम्हा सगळ्यांच्याच लक्षात आले.

आंबा आणि फणस : घेराचा धडा

घरामागे दादांचा एक रायवळ आंबाही होता. तो वादळात वाचला, फक्त एक मोठी फांदी गेली. माडाला फांद्या नाहीत, आंबा म्हणजे फांद्यांचाच संसार. त्याची रीत वेगळी.

खोड आखूड आणि जाड ठेवायचे. ते साध्या चौकोनी ठोकळ्यांनी करावे, पण गवंडी जशी विटांची सांधेमोड करतो तशी करून. खालच्या दोन ठोकळ्यांची फट वरच्या ठोकळ्याच्या मध्यावर आली पाहिजे. एकावर एक फटी आल्या की खोड उभे चिरते. बुडाशी तीन-चार उतरते तुकडे वेगवेगळ्या दिशांना लावले की मुळे जमिनीत शिरल्यासारखी दिसतात.

फांद्या समोरासमोर आणि एका उंचीवर लावू नयेत. झाडाचा खांब होतो, आंबा होत नाही. एक फांदी खाली, दुसरी थोडी वर आणि दुसऱ्या बाजूला, तिसरी मागे. जाड फांदीला दात असलेली, टकटक वाजत अडणारी बिजागरी वापरावी, ती वजन पेलते. बारीक फांदीला कडी-दांडी पुरते. फांदीच्या टोकाला पानांचा भार जास्त झाला की कडी हळूहळू खाली येते, म्हणून जड तुकडे खोडाजवळ आणि हलके टोकाला.

पानांसाठी तयार पानांचे पसरट तुकडे मिळतात. ते थोडे थोडे फिरवत एकमेकांवर बसवायचे आणि मध्ये आभाळ दिसेल एवढी जागा ठेवायची. मुले हमखास सगळ्या फटी बुजवतात आणि झाडाची कोबी होते. पानांचे तुकडे नसतील तर साध्या हिरव्या पट्ट्या घुमटासारख्या पायरीपायरीने रचाव्यात. हिरव्याच्या दोन-तीन छटा मिसळाव्यात. आंब्याची नवी पालवी तांबूस असते, तेव्हा टोकांना चार-पाच तांबूस किंवा तपकिरी तुकडे लावून पाहा.

फणसासाठी अंगावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, बटण असलेला ठोकळा वापरायचा. कारण फणस धरतो खोडावर. खोड रचतानाच असे दोन-तीन ठोकळे त्यात बसवून ठेवायचे आणि नंतर त्यांच्यावर हिरवट पिवळे गोल तुकडे आडवे जोडायचे. पाच पट्ट्या म्हणजे दोन बटणे, हा वरचा हिशेब इथे उपयोगी पडतो.

हे करणे जायज आहे का?

आमच्या घरी एके दिवशी फुफू आल्या होत्या. त्यांनी टेबलावरची झाडे पाहिली, माशाअल्लाह म्हटले आणि मग जरा अडखळत विचारले, "पण असे हुबेहूब करणे चालते का?" प्रश्न रास्त होता. तो टाळण्याऐवजी आम्ही मुलांच्या समोरच दादांना विचारला.

दादांनी हजरत अब्दुल्लाह इब्न अब्बास (रजि.) यांचा प्रसंग सांगितला. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत तो आला आहे. चित्रे करून पोट भरणारा एक माणूस त्यांच्याकडे आला. सजीवांच्या प्रतिमांविषयीची कडक ताकीद त्यांनी त्याला ऐकवली. तो माणूस भयंकर घाबरला. तेव्हा त्यांनी त्याला मार्ग दाखवला, की करायचेच असेल तर झाडांची आणि ज्यांच्यात प्राण नाही अशा वस्तूंची चित्रे कर. ठोकळ्यांच्या डब्यात येणाऱ्या इवल्या माणसांचा प्रश्न निघाला, तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांच्या लहानपणीच्या बाहुल्यांचा उल्लेखही दादांनी केला. मुलांच्या खेळण्यांबाबत आलिमांची मते वेगवेगळी आहेत, ज्याने त्याने आपल्या विश्वासाच्या आलिमाला विचारावे. झाडांविषयी मात्र फुफूंचे मन निश्चिंत झाले. जाताना त्या डाळिंबाचे झाड कसे करता येईल ते सांगून गेल्या.

खरे तर मुसलमान कारागिरांनी झाडांवर जीव ओतलेला आहे. दमास्कसची उमय्या मशीद खलीफा वलीद यांच्या काळात, इ.स. ७०६ ते ७१५ या दरम्यान बांधली गेली. तिच्या भिंतींवर रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांनी झाडे, नदी आणि घरे जडवली आहेत. माणूस किंवा प्राणी त्यात नाही. अहमदाबादेत सिदी सय्यद यांनी १५७२-७३ मध्ये बांधलेल्या मशिदीच्या दगडी जाळीत एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे झाड आणि ताड असा देखावा कोरला आहे. तुकड्या-तुकड्यांनी झाड उभे करण्याची हौस आपल्याला नवी नाही, एवढेच आम्ही मुलांना सांगितले. त्या जाळीचे चित्र पाहून थोरला बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांनी फटी ठेवल्यात. म्हणून ते झाड दिसतंय."

खर्चाचे काय?

हे खेळणे महाग आहे, हे आम्ही लपवत नाही. झाडांचे मोठे संच काही हजारांच्या घरात जातात. २०२१ साली आलेल्या बोन्सायच्या संचात ८७८ तुकडे आहेत आणि त्याच्या गुलाबी बहरात फुलांच्या जागी इवलेसे गुलाबी बेडूक लावले आहेत, हे वाचून मुले खूप हसली. पण तो संच आम्ही घेतला नाही. इस्राफ, म्हणजे उधळपट्टी, खेळण्यातही इस्राफच असते.

आमचे बहुतेक ठोकळे जुने आहेत. काही नातेवाइकांच्या मोठ्या झालेल्या मुलांचे, काही सुट्टे विकत घेतलेले, काही साध्या भारतीय बनावटीचे. वेगवेगळ्या बनावटीचे ठोकळे कधी सैल बसतात, कधी फार घट्ट. असे तुकडे खोडात न वापरता पानांत वापरावेत, तिथे भार नसतो. तपकिरी कमी पडले तर करडे चालतात. कितीतरी झाडांची खोडे खरोखरच करडी असतात, गॅलरीतून खाली पाहा. जुने ठोकळे कोमट पाण्यात साबण घालून धुवावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नको, ठोकळ्यांचा आकार बिघडतो. आणि घरात तीन वर्षांखालील मूल असेल तर हा डबा त्याच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा. बारीक टिकल्या घशात अडकतात.

एक सवय मात्र जरूर लावावी. झाड करण्याआधी मुलांना खऱ्या झाडाखाली उभे करावे. पहिली फांदी जमिनीपासून किती उंचीवर फुटते? पाने टोकाला आहेत की सगळीकडे? खोड कोणत्या बाजूला झुकले आहे? जवळ आजी-आजोबा असतील तर त्यांनाही शेजारी उभे करावे. आम्हा दोघांना कोकणातले असूनही माड आणि पोफळीतला निम्मा फरक ठाऊक नव्हता. तो आमच्याच घरात, गॅलरीतल्या खुर्चीवर बसून होता आणि आम्ही विचारला नव्हता.

नऊ फूट

सूरह इब्राहीममध्ये चांगल्या शब्दाला चांगल्या झाडाची उपमा दिली आहे, ज्याचे मूळ पक्के आहे आणि फांद्या आभाळात. आमचा पालथा झालेला माड मुलांना आठवतो तेव्हा ही उपमा त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

पावसाळा सुरू झाला तेव्हा दादा स्वतःहून म्हणाले, "गावी जाऊन येऊ." आम्ही त्यांना नेले. वाडीत रान माजले होते. पडलेल्या खोडांचे तुकडे कुजून मातीला मिळत होते. रायवळ आंबा होता. दादा खुर्चीवर बसले, डोक्यावर छत्री धरून, आणि तिथूनच सूचना देऊ लागले. बारा पोफळीची रोपे आणली होती, श्रीवर्धनी रोठा जातीची. नुसती रोपे लावून भागत नाही, कोवळ्या पोफळीला कडक ऊन सोसत नाही म्हणून मधून मधून केळी लावायची. दोन रोपांमध्ये नऊ फूट अंतर.

"नऊ फूट म्हणजे किती बटणे?" धाकटीने विचारले. थोरल्याने बोटाने चिखलात हिशेब मांडला. २,७४३ मिलिमीटर भागिले ८. "तीनशे त्रेचाळीस, थोडी कमी," तो म्हणाला. दादा हसले. ते असे हसलेले आम्ही वादळानंतर पहिल्यांदाच पाहत होतो.

कयामत समोर दिसत असली आणि हातात रोप असले तरी ते लावून टाकावे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण पुष्कळदा ऐकतो. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षे लागतात. दादा आता ऐंशीच्या पुढे आहेत. हा हिशेब त्यांनाही येतो, आम्हालाही येतो. तो कोणीच बोलून दाखवला नाही. बारावे रोप लावून झाले तेव्हा त्यांनी थोरल्याला जवळ बोलावले आणि पाणी कधी, किती आणि कुठल्या बाजूने घालायचे ते सगळे त्यालाच सांगितले.

मुंब्र्याला ठोकळ्यांचा माड अजून दादांच्या खोलीत कपाटावर आहे. मुलांना त्याच्या झावळ्या दुसऱ्या झाडासाठी हव्या होत्या. दादांनी हिरव्या झावळ्या खुशाल नेऊ दिल्या. तपकिरी, सुकलेली तेवढी ठेवायला सांगितली.